आक्काच्या वाडीपुरतं पेट्रोल

खंडू माणूस वाईट नव्हता, आणि शकुबाईचं खरं दुखणं तेच होतं. दारू नाही, शिवी नाही, ताटात पडेल ते मुकाट्याने खायचा. अशा नवऱ्याशी भांडायचं तरी कशावरून? मग राहता राहिली त्याची कामं. खंडूचं कुठलंही काम मोठ्या थाटात सुरू व्हायचं आणि अर्ध्यावर बसकण मारायचं. न्हाणीला तीन भिंती होत्या. कोंबड्यांच्या खुराड्याला दार होतं, पण छप्पर नव्हतं. आणि गेली दोन वर्षं होडीच्या टाकीचं घोडं अडलेलं होतं.

होडी पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्यात चालायची. धरणात शेत गेलं तेव्हा खंडू ऐन तरुण होता. बाकीची भावकी ओतूरला, आळेफाट्याला पांगली. हा मात्र काठाला चिकटून बसला. पाण्यानं शेत खाल्लं तर पाण्यानंच पोट भरलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आधी वल्ह्याची होडी होती. मग मुरूडच्या एका कोळ्याकडून त्याने जुनी मोटर आणली, टेम्पोत घालून, गोधडीत गुंडाळून. या काठाची माणसं, दुधाची किटली, शेळी, शाळेतले गुरुजी, सगळं त्या मोटरीवर पलीकडे जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. खंडूच्या होडीत बसून कुणी कधी भिजलं नाही, हे शकुबाई रागाच्या भरातही कबूल करायची.

पण त्या मोटरीच्या डोक्यावरची टाकी म्हणजे तांब्याएवढी. पलीकडे जाऊन यायला ठीक. धरणाच्या पार वरच्या टोकाला, जिथं डोंगर पाण्यात पाय सोडून बसलेत, तिथं जायचं म्हटलं की अर्ध्या वाटेत मोटर घुर्र करायची आणि गप्प व्हायची. मग हलत्या होडीत, तापलेल्या मोटरीवर, बाटलीनं पेट्रोल ओतायचं. एकदा असं ओतताना भडका उडाला आणि खंडूच्या भुवया गेल्या. तेव्हापासून तो त्या टोकाला गेलाच नाही.

आणि त्याच टोकाला, शेंडेवाडीत, शकुबाईची आक्का राहायची.

धोंडाबाई तिचं नाव. आई लवकर गेली, तेव्हा शकुबाईला न्हाऊमाखू घातलं ते या आक्कानंच. रस्त्याने तिच्याकडे जायचं तर आधी ओतूर, तिथून दुसरी एसटी, फाट्यावर उतरायचं आणि पुढं चढण. शकुबाईच्या गुडघ्यांनी त्या चढणीला केव्हाच रामराम ठोकला होता. खंडूच्या फटफटीवरून ती एकदा पडली होती, त्यामुळे तो विषयच बंद. होडी मात्र आक्काच्या घराखालच्या बांधाला लागायची. तीही पाणी भरलेलं असेल तेव्हाच. उन्हाळ्यात मधे नुसता चिखल. आक्काला ऐकू येईनासं झाल्यापासून फोनचाही उपयोग राहिला नाही. ती आपलंच बोलायची, समोरच्याचं काही ऐकू येत नाही म्हणून वैतागायची आणि ठेवून द्यायची.

"टाकी वाढवू, मग जाऊ," खंडू म्हणायचा.

दोन वर्षं शकुबाई हे वाक्य ऐकत होती. पहिल्यांदा त्याने तेलाचा पत्र्याचा डबा आणला. तो असा गळला की होडीत आठवडाभर कुणी बिडी पेटवली नाही. मग शेजाऱ्याचा फवारणीचा जुना पंप आणला, टोमॅटोवर औषध मारायचा, पाठीवर अडकवतात तो. पेट्रोलनं त्याचं वायसर फुगलं, आणि शेजाऱ्यानं पंप परत मागितला तेव्हा दारात तमाशा झाला. त्यानंतर सहा महिने खंडूनं नुसता विचार केला. विचार करताना तो पाण्याकडे बघत बसायचा, आणि शकुबाई चुलीपाशी भांडी आपटायची.

"अहो, माणूस चंद्रावर गेलं," ती म्हणायची, "आन तुमाला शेंडेवाडी गाठंना."

"जाऊ की," खंडू म्हणायचा. "घाई करून भागतंय का?"

त्यात पेट्रोल आणायचा वेगळाच ताप. पंपावर कॅनमध्ये पेट्रोल देत नाहीत, आणि होडी काही पंपावर नेता येत नाही. मग खंडू फटफटी घेऊन ओतूरला जायचा, तिची टाकी गच्च भरायचा, काठावर येऊन फटफटी तिरकी करायचा आणि नळी तोंडानं ओढून सगळं पेट्रोल होडीसाठी काढून घ्यायचा. फटफटीत परत पंपापर्यंत जाण्यापुरतं ठेवायचं असतं, हे त्याला दर वेळी नंतर आठवायचं. भर उन्हात रिकामी फटफटी ढकलत निघालेला नवरा शकुबाईनं इतक्यांदा पाहिला होता की तिला हसूही यायचं नाही आणि कीवही.

आणि मग दिवाळीनंतर आक्काच्या पोराचा, बुद्धभूषणचा, फोन आला. तो चाकणला कंपनीत होता.

"मावशी, जय भीम. आईला घेऊन चाललोय रविवारी. घर बंद करतोय. तिला एकटीला आता जमत नाय."

"कायमची?" शकुबाईनं विचारलं.

"आता तिला परत कोण आणणार, मावशी?" तो म्हणाला. "पिकअप सांगितलाय. सामान भरलं की दुपारच्या आत निघणार. ड्रायव्हरला दुसरं भाडं हाय."

शकुबाईनं फोन ठेवला आणि ती थेट काठावर गेली. खंडू जाळं सुकत घालत होता.

"रविवारी सकाळी मला आक्काकडं न्यायचं," ती म्हणाली. "तिच्याजवळ घटकाभर बसायचंय, तिच्या घरात, तिच्या चुलीपाशी. त्या चाकणच्या खोलीत न्हाई. टाकी करा न्हाईतर मला पाठीवर घ्या, पण न्या."

खंडूनं बायकोचं तोंड पाहिलं. त्या तोंडावर नेहमीचा राग असता तर त्यानं जाळं सोडलं नसतं. तो उठला, फटफटीला किक मारली आणि ओतूरला चांगदेवच्या गॅरेजात गेला.

चांगदेव फटफटीचा मिस्त्री. त्याला होडी, मोटर, पाणी यांतलं काही कळत नव्हतं, पण फटफटीत बसवता येईल ते सगळं कशातही बसवता येतं, अशी त्याची श्रद्धा होती. त्यानं भंगारातल्या फटफटीची टाकी काढली, आतून धुतली आणि खंडूच्या मागोमाग काठावर येऊन होडीत लाकडी घोडा ठोकला. घोड्यावर टाकी, टाकीखाली तिचा मूळचा कॉक, कॉकपासून मोटरीपर्यंत नळी. डोक्यावरची तांब्याएवढी टाकी त्यानं काढूनच टाकली.

"खंडूतात्या, आता तुमी थेट माळशेज गाठा," तो म्हणाला. "आन संपलंच तर कॉक फिरवायचा. रिझर्व्ह हाय."

खंडू त्या टाकीभोवती फिरला. टाकी लाल होती आणि तिच्यावर अजून कुणाच्या तरी पोराचं नाव रंगवलेलं होतं. शनिवारी त्यानं धरणात दोन मोठे फेरे मारले. मोटर अशी चालली की काठावरची माणसं उठून उभी राहिली. रात्री जेवताना तो दोनदा म्हणाला, "केली की न्हाई?" शकुबाईनं त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. लोणी म्हणजे काय हे खंडूला कळत होतं.

रविवारी सकाळी ती आधी होडीत जाऊन बसली. आक्कासाठी पुरणाच्या पोळ्या होत्या, लसणाची चटणी होती, एक नवं लुगडं होतं. खंडू घराकडून वल्हं आणायला गेला होता, ते अर्थातच जागेवर नव्हतं. टाकी काठोकाठ भरलेली, आणि वरच्या झाकणातून पेट्रोलचा असा भपका येत होता की शकुबाईनं नाकाला पदर लावला. एसटीतसुद्धा तिला वासानं उलटी व्हायची. झाकणाला मधोमध एक बारीक भोक होतं, वास तिथूनच येत होता. आणि पाण्याचे शिंतोडे त्यातून आत गेले म्हणजे? पेट्रोलमध्ये पाणी गेलं की मोटर बसते, हे खंडूच तर रोज सांगायचा. झाकणाला भोक ठेवलंय! अर्धवट काम! तिनं पोळ्यांवरची प्लॅस्टिकची पिशवी काढली, झाकणावर दुहेरी घातली आणि ट्यूबच्या रबरानं गच्च आवळली. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तसं. ऊन लागू नये म्हणून वरून ओलं गोणपाट टाकलं. वास थांबला.

खंडू आला. गोणपाट बघून म्हणाला, "हां, हे बेस केलंस. टाकी तापाया नको." आणि त्यानं दोरी ओढली.

पाणी अगदी शांत होतं. दोन्ही काठांनी कांद्याची रोपं टाकलेले हिरवे वाफे दिसत होते. मधल्या बेटावर बगळे बसले होते. शकुबाई पुढे तोंड करून बसली होती आणि आक्काला काय काय सांगायचं, आणि ते कानात ओरडून कसं सांगायचं, याची मनात जुळवाजुळव करत होती. धरणाचा मधला रुंद भाग आला, आणि मोटर घुर्र करून बंद पडली.

"आता?" शकुबाई म्हणाली.

"थांब जरा."

त्यानं दोरी ओढली. पुन्हा ओढली. टाकी हलवून पाहिली, आत पेट्रोल खळखळत होतं. प्लग काढला, धोतराला पुसला, परत लावला. चांगदेवला फोन लावला. मधूनमधून रेंज जात होती, पण मुद्दा पोचला.

"रिझर्व्हला टाका, तात्या!"

"अरं, टाकी भरलीया!"

"तरीबी टाका!"

खंडूनं कॉक फिरवला. काही झालं नाही. मग त्यानं मोटरीकडची नळी काढली. एक थेंब, दुसरा थेंब, आणि बंद.

"कचरा अडकलाय," तो म्हणाला. "भंगारातली टाकी, गंज असणार." त्यानं नळी तोंडात धरली आणि गाल फुगवून जोरात फुंकलं. टाकीत बुडबुडे वाजले. नळी लावली, दोरी ओढली, मोटर चालू झाली. खंडूनं पेट्रोल थुंकलं आणि विजयानं बायकोकडे पाहिलं. थोडं अंतर गेलं आणि मोटर पुन्हा बसली.

मग सगळी सकाळ तेच. फुंकायचं, ओढायचं, थोडं जायचं, थांबायचं. खंडूचे ओठ सुजले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माळशेजकडून वारा सुटला आणि थांबलेली होडी मागे जाऊ लागली. जेवढं पुढं जायचं त्यातलं अर्धं वारा परत घ्यायचा. वल्हं मारायला घेतलं तर आडवी वाहणारी ती जड होडी एका वल्ह्याला दाद देईना.

आणि शकुबाईचं तोंड सुटलं.

"दोन वर्सं घातली, दोन! आन आणलं काय, तर भंगार! तुमाला म्हनून सांगते, तुमी जर ताजमहाल बांधला असता ना, तर त्याला पायऱ्या नसत्या. आक्का तिकडं वाट बघून गाडीत बसंल. बसली असंल! माझ्या आक्काला मी शेवटचं बघायचं, आन तुमी इथं बासरी वाजवत बसलाय!"

खंडूनं पुन्हा नळी तोंडात घातली.

हेच तर तिला सहन होत नव्हतं. माणसानं उलट बोलावं, चिडावं, वल्हं आपटावं. हा नुसता ऐकून घ्यायचा. त्यामुळे तिचा राग कुठं टेकायचाच नाही. वाढत वाढत जायचा आणि शेवटी तिच्याच डोक्यात ठणकत राहायचा. लांबवर शेंडेवाडीची घरं दिसायला लागली होती. आक्काच्या घरासमोर पांढरा पिकअप उभा होता. माणसं त्यात काहीतरी चढवत होती.

"पलंग चढवला बघा," ती म्हणाली.

ऊन वर आलं. गोणपाट वाळून कडक झालं होतं. टाकी तापेल म्हणून शकुबाईनं ते ओलं करायला उचललं, आणि तिचा हात तसाच राहिला.

झाकणावरचं प्लॅस्टिक खाली ओढलं गेलं होतं. मधोमध, त्या बारीक भोकात, ते इतकं ताणून आत गेलं होतं की आतून कुणीतरी दातांनी धरलंय असं वाटावं. शकुबाईनं रबराखाली बोट घातलं आणि पिशवी उचलली. सुस्स करून आवाज झाला. टाकीनं लांब श्वास घेतला आणि खाली नळीत पेट्रोल गटागटा उतरलं.

खंडूनं त्याच वेळी दोरी ओढली. मोटर सुरू झाली, आणि या वेळी ती थांबली नाही.

"निघाला बघ कचरा!" खंडू ओरडला. सुजलेल्या ओठांनी तो हसत होता. "म्हनलं व्हतं ना, फुंकून फुंकून निघंल?"

शकुबाईनं पिशवी मुठीत चुरगळली. शाळा तिनं चौथीपर्यंतच केली होती, पण डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, वारा आत जायला दुसरं पाडावं लागतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तेलाच्या डब्याला तिनं स्वतः जन्मभर दोन भोकं पाडली होती. आणि आज सकाळी, नाकाला वास येतो म्हणून, अर्धवट काम म्हणून, तिनं ते भोक बुजवलं होतं. सगळी सकाळ त्या माणसानं टाकीत वारा भरायला आपल्या छातीचा भाता केला, आणि सगळी सकाळ तिनं त्याला झोडपलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. सांगावं, असं वाटलं तिला. पण जीभ, जी सकाळपासून एवढी चालत होती, ती आता टाळूला चिकटली.

होडी बांधाला लागली तेव्हा पिकअपचं इंजिन चालू होतं. खंडूनं तिला हाताला धरून उतरवलं, आणि गुडघे विसरून ती चढ चढली. घराला कुलूप होतं. आक्का पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर एक गाठोडं, डोक्यावर पदर. बुद्धभूषण घड्याळ बघत होता.

"मावशी, लई थांबलो. ड्रायव्हर ऐकंना."

आक्कानं खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि शकुबाईचं तोंड धरलं. "आलीस?" ती मोठ्यानं म्हणाली, बहिरी माणसं बोलतात तशी. "मी ओट्यावर बसून बघत व्हते. होडी दिसायची, मंग थांबायची. परत यायची, परत थांबायची. म्हनलं, भांडत असतील. काय झालं व्हतं गं?"

खंडू मागून धापा टाकत आला होता. त्यानं ऐकलं आणि पुढं होऊन, आक्काच्या कानाशी वाकून ओरडला, "माझी चूक, आक्का! टाकीत कचरा व्हता! मी भंगारातली आणली!"

"न्हाई!" शकुबाई ओरडली. एवढ्यानं की पलीकडच्या घरातली बाई दारात आली. "ह्यांची न्हाई, आक्का! माझी! मी टाकीच्या तोंडाला दादरा बांधला! भोक बुजवलं! माझ्यामुळं उशीर झाला!"

आक्काला किती ऐकू गेलं कोण जाणे. तिनं शकुबाईच्या गालावरून बोटं फिरवली आणि कानशिलावर मोडली. "बांधलास ना? बरं केलंस," ती म्हणाली. "झाकून ठेवल्यालं बरं असतं." ड्रायव्हरनं गिअर टाकला. शकुबाईनं लुगडं आणि पोळ्या कशाबशा खिडकीतून आत कोंबल्या. पिकअप वळणावर गेला, आणि मग त्याचा नुसता आवाज राहिला, तोही गेला.

शकुबाई बंद घराच्या ओट्यावर बसली. खंडू समोर उभा होता. त्याला आता सगळं कळलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. ओठ सुजून दुप्पट झाले होते, सदऱ्यावर पेट्रोलचे डाग होते.



"बोला की," शकुबाई म्हणाली.

"काय बोलू?"

"काय म्हंजी? सकाळपासून मी तुमाला किती बोलले. आता तुमची पाळी हाय. शिव्या द्या. माझ्या आयबापाचा उद्धार करा. माझी आक्का गेली आन मला तिच्यापाशी घटकाभर बसाया मिळालं न्हाई, ते माझ्या हातानं. बोला!"

खंडूनं खरोखरच विचार केला. तोंड उघडलं, मिटलं, डोकं खाजवलं. मग त्यानं बांधाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं.

"पायाला ऊन लागतंय तुझ्या," तो म्हणाला. "जरा आत सरकून बस."

बायकोला चार शिव्या द्यायचं एवढं एक सोपं काम, आणि तेही त्याच्यानं धड होईना. शकुबाईनं पदर तोंडावर घेतला आणि ती मोठ्यानं रडायला लागली.